पारख आणि पालन : प्रदर्शनासाठी शेळी-मेंढी

पुणे शहराचा लौकिक विद्येचा आणि विद्यालयांचा. परंतु दख्खनच्या पठारावर चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांचा सरकारी कारभार ज्या दप्तरांतून चालतो, ती दप्तरेही याच शहरात आहेत, ही गोष्ट खुद्द पुणेकरांपैकी थोड्यांच्याच ध्यानी असते. औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, आणि राज्यभरच्या जनावरांसाठी लसी तयार करणारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था व साथींचा छडा लावणारा रोग अन्वेषण विभाग हेही औंधलाच आहेत. गोखलेनगरात ‘मेंढी फार्म’ या नावाने ओळखला जाणारा परिसर असून, १९७८ साली स्थापन झालेल्या आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करणाऱ्या महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्यालय तेथेच आहे. दिवाळी सरली की पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतील धनगर आपापले वाडे घेऊन कोकणाकडे उतरू लागतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांची वाट याच जिल्ह्यातून जाते. अशा ठिकाणी राहणाऱ्या, हवेलीत, पुरंदरात, शिरुरात किंवा बारामतीत ज्याच्या आजोळी चार शेळ्या बांधलेल्या आहेत अशा मुलाला किंवा मुलीला, एखादे करडू वा कोकरू निवडून, ते स्वतःच्या हातांनी वाढवून, प्रदर्शनाच्या रिंगणात उभे करावेसे वाटले, तर त्या इच्छेला शास्त्राचा आधार मिळावा, या हेतूने हे प्रकरण लिहिले आहे.

मुलांनी जनावर वाढवावे आणि ते चारचौघांत मांडावे, या कल्पनेला परदेशांत शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लार्क परगण्यात ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकाने १९०२ साली मुलामुलींचे शेतीमंडळ काढले, आणि अशाच मंडळांतून पुढे त्या देशभर पसरलेली ‘फोर-एच’ चळवळ उभी राहिली. इंग्लंडात डेव्हन परगण्यातील हेम्योक या गावी १९२१ साली मुलांना वासरे सांभाळावयास देऊन तरुण शेतकऱ्यांचे पहिले मंडळ स्थापन झाले. या मंडळांच्या प्रदर्शनांत एक स्पर्धा अशी असते की, तिच्यात जनावराला गुण नसतातच, गुण असतात ते त्याला धरून उभ्या असलेल्या मुलाला : जनावर त्याच्या किती आज्ञेत आहे, त्याचे वय, वजन, खुराक आणि दोष त्या मुलाला किती ठाऊक आहेत, आणि परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला तो मान वर करून उत्तर देतो की नाही. मला स्वतःला प्रदर्शनाचा सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

आपल्याकडे जनावरांचे प्रदर्शन ही जत्रेच्या पोटी जन्मलेली संस्था आहे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या जत्रेत मान असे तो खिलार बैलांचा. शेळी-मेंढीला त्या मानाने इनाम-इकरामाच्या पंक्तीत उशिरा जागा मिळाली. जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन विभागाने भरविलेल्या प्रदर्शनांतून, आणि बारामतीजवळ शारदानगर येथे भरणाऱ्या ‘कृषिक’सारख्या मोठ्या कृषिप्रदर्शनांतून, आता ती जागा पक्की होत आहे. मुलांसाठी स्वतंत्र विभाग मात्र अद्याप रुळलेला नाही, आणि तो रुळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण जेथे केवळ थोराड जनावराला बक्षीस मिळते, तेथे ज्याच्या वडिलांपाशी पैसा अधिक त्याचेच जनावर पहिले येते, आणि वर्षभर पहाटे उठून पाला आणणारी मुलगी मागच्या रांगेत राहते. या अन्यायाची उदाहरणे मोठ्यांच्या जगात विपुल आहेत. सांगली जिल्ह्यातील आटपाडीच्या बाजारात २०२०च्या सुमारास माडग्याळ जातीच्या एका मेंढ्यावर सत्तर लाख रुपयांची बोली लागल्याची आणि धन्याने ती नाकारल्याची वार्ता राज्यभर गाजली. अशा बातमीने कोवळ्या वयाच्या मुलाला लाभ होण्यापेक्षा भ्रम होण्याचाच संभव अधिक, कारण त्या किमतीचा संबंध मेंढ्याच्या नाकाच्या बाकाशी आणि हौसेशी होता, मांसाशी, दुधाशी किंवा लोकरीशी नव्हता.

तेव्हा प्रथम जातीचा विचार. पुणे जिल्ह्याच्या मुलाने आपल्या हवेतच पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली जात घ्यावी, हा माझा निःसंदिग्ध सल्ला आहे. शेळ्यांत संगमनेरी ही नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) आणि पुणे या जिल्ह्यांची स्वतःची जात : बहुधा पांढरी, कधी काळे-तांबडे ठिपके असलेली, मध्यम लांबीच्या लोंबत्या कानांची, अंगापिंडाने बेताची, परंतु दुधाला बरी. उस्मानाबादी ही मराठवाड्याची. काळ्याभोर अंगाची, कित्येकदा कानांवर पांढरे ठिपके असणारी, आणि जुळी करडे देण्याबद्दल विशेष प्रसिद्ध असल्याने आज राज्यभर पसरलेली. प्रौढ उस्मानाबादी बोकड साधारण ३४ किलो आणि शेळी ३२ किलोच्या आसपास भरते. दक्षिण आफ्रिकेची बोअर ही पांढऱ्या अंगाची व तांबड्या डोक्याची जात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने भ्रूणांच्या रूपाने भारतात आणली, आणि तिच्या संकरित करडांचे वजन झपाट्याने वाढते हे खरे. पण झपाट्याने वाढणाऱ्या जनावराची भूकही तशीच असते, आणि ज्या घरी वर्षभर हिरवा चारा पुरविण्याची तजवीज नाही, तेथे बोअर करडू पहिल्या उन्हाळ्यातच खंगते.

मेंढ्यांत दख्खनी ही आपल्या पठाराची मूळ जात. काळी किंवा काळी-पांढरी, भरड लोकरीची, उन्हातान्हात दहा-पंधरा कोस चालून जाणारी, आणि जिच्या लोकरीवाचून आपली घोंगडी विणली गेली नसती अशी ही मेंढी. लोणंद, संगमनेर, सोलापूर, कोल्हापूर अशा प्रदेशपरत्वे तिच्या उपजाती सांगतात. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून नाव पडलेली मेंढी उंच, लांब कानांची, तांबूस पट्ट्यांची आणि पोपटासारख्या बाकदार नाकाची. तिच्या अंगी लोकर अत्यल्प, पण कोकरे दख्खनीपेक्षा भारी. प्रदर्शनात दोन्ही शोभतात. ज्याला कातरणीचे आणि लोकरीच्या प्रतीचे ज्ञान मिळवावयाचे आहे त्याने दख्खनी घ्यावी, ज्याचे लक्ष वजनावर आहे त्याने माडग्याळ. दोहोंची भेसळ झालेले कोकरू मात्र कितीही देखणे असले तरी जातिवंतांच्या वर्गात उभे करू नये.

काही गुण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि या बाबतीत फलटणची हकीकत प्रत्येक होतकरू पशुपालकाला ठाऊक असली पाहिजे. दख्खनी मेंढीला एका वेताला बहुधा एकच कोकरू होते. ऑस्ट्रेलियात ‘बुरुला’ नावाचा मेरिनो मेंढ्यांचा एक कळप मात्र जुळ्या-तिळ्यांसाठी विख्यात झाला होता, आणि या गुणाचा माग काढता काढता संशोधक जेथे पोहोचले ते स्थान होते बंगालच्या सुंदरबनातील गारोळ नावाची, गुडघ्याएवढी चिमुकली मेंढी, जिचे पूर्वज अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियास गेले होते. बहुप्रसवतेस कारणीभूत असणारा जनुकातील फरक २००१ साली निश्चित झाला. फलटणच्या संस्थेने गारोळच्या त्याच जनुकाचा प्रवेश पिढ्यांच्या संकरातून दख्खनी रक्तात घडवून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी सिद्ध केली, आणि कोणत्या कोकरात तो जनुक उतरला आहे हे रक्ताच्या थेंबावरून ओळखण्याच्या कामी पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हात दिला. त्या कळपातील दोन कोकरे शेजारी शेजारी उभी केली, तर एकीला पुढे जुळी होतील आणि दुसरीला होणार नाहीत, हे जगातील कोणत्याही परीक्षकाला पाहून सांगता यावयाचे नाही.

सामान्य मुलाच्या हाती अशी तपासणी नसते, आणि म्हणूनच करडाची आई पाहणे हा त्याच्यापुरता उत्तम मार्ग होय. या कारणास्तव खरेदी बाजारापेक्षा कळपातून करावी असे मी म्हणेन. चाकणचा शनिवारचा बाजार मोठा आणि नामांकित. तेथे फिरल्याने नजर तयार होते, भाव कळतात, निरनिराळ्या जाती एका ठिकाणी पाहावयास मिळतात. परंतु तेथे उभ्या असलेल्या करडाची आई कोण, तिला किती वेत झाले, ती किती दूध देते, जुळे होते की एकटे, याची खातरजमा करण्याचे साधन नसते. शिवाय विक्रीपूर्वी मीठ चारून पोटभर पाणी पाजलेले जनावर दुपारपर्यंत भरदार दिसते आणि दुसऱ्या दिवशी घरी त्याच्या खपाटीला गेलेल्या कुशी दिसतात. कळपात गेले असता आई समोर असते, तिची कास हाताने चाचपून पाहता येते, आणि मालकाशी मोकळेपणाने बोलता येते. खरेदी कोठूनही होवो, कानात बारा अंकी बिल्ला आहे याची खात्री करावी. १ जून २०२४ पासून बिल्ल्यावाचून जनावरांची बाजारात खरेदी-विक्री करण्यास आपल्या राज्यात मनाई आहे, आणि प्रदर्शनाच्या नोंदणीतही जनावराची ओळख पटविण्यास त्याच क्रमांकाचा उपयोग होतो.

वय ठरविताना प्रदर्शनाच्या दिवसापासून मागे मोजीत यावे. समजा, प्रदर्शन जानेवारीत आहे. फाल्गुनाच्या सुमारास, म्हणजे मार्चच्या मध्यावर जन्मलेले करडू तोपर्यंत दहा महिन्यांचे होईल. ते तीन महिन्यांनी दुधावरून तुटले की जूनच्या मध्यास हाती घेता येईल. जून ही पावसाच्या तोंडाची वेळ असल्याने ओल, थंडी आणि जंत या तिहींचा मारा कोवळ्या करडावर एकदमच होतो; यास्तव जागा आधी कोरडी करून ठेवावी आणि जनावर मागाहून आणावे. प्रौढ शेळीस दहा चौरस फूट छताखाली आणि तितकीच किंवा दुप्पट मोकळी जागा हा सर्वमान्य हिशेब आहे. शहराच्या हद्दीत राहणाऱ्याने महानगरपालिकेच्या नियमांची विचारपूस आधीच करावी, आणि जागा अपुरी असल्यास आजोळी किंवा नातेवाइकांकडे जनावर ठेवून स्वतः नेमाने जात राहावे.

आता प्रत्यक्ष पारख. या विद्येत धनगरांच्या तोडीचे पंडित मी पाहिले नाहीत. चाकणला एकदा एक शाळकरी मुलगा एका कोकराच्या कानांवर भाळून उभा होता आणि शेजारी घोंगडी खांद्यावर टाकलेले एक वृद्ध धनगर त्याच्याकडे पाहत होते. “मामा, ह्याचे कान बघा की, केवढे लांब!” मुलगा म्हणाला. “कानावर जनावर चरत न्हाई, लेकरा,” ते म्हणाले, “आन् उभं जनावर समदंच चांगलं दिसतंय. चालवून बघ आदी.” मुलाने कोकरू दोरीने वीस पावले चालविले, तेव्हा ते मागचा डावा पाय किंचित टाकून चालत असल्याचे दिसले; म्हाताऱ्याने खाली वाकून त्याचे खूर दोन बोटांनी फाकविले, आणि आतल्या बेचक्यात ओली, पांढुरकी, दुर्गंधी सुटलेली जखम निघाली. पुस्तकांनी पायांसंबंधी पानेच्या पाने लिहिली आहेत, आणि त्या सर्वांचे सार त्या दोन बोटांत होते.

त्याच क्रमाने आपणही जावे. कठीण, मुरुमाच्या जागेवर जनावर समोरून, मागून आणि बाजूने चालवून पाहावे. पुढचे गुडघे एकमेकांस घासू नयेत, मागचे घोटे आत वळलेले नसावेत, आणि खुरावरचा सांधा इतका खचलेला नसावा की चालताना मागची नखी जमिनीस टेकावी. मग तोंड उघडावे. शेळी-मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तेथे टणक हिरडी असते. खालचे आठ दात त्या हिरडीवर बरोबर टेकले पाहिजेत. ते पुढे सरकलेले असोत वा मागे पडलेले असोत, अशा जनावराला आखूड गवत तोडता येत नाही, आणि हे व्यंग बापाकडून लेकराकडे उतरते. आठही दात दुधाचे असतील तर जनावर ‘आदत’. एक ते दीड वर्षाच्या दरम्यान मधले दोन पडून मोठे आले की ‘दोन दाती’, दोन वर्षांच्या सुमारास ‘चार दाती’, आणि चौथ्या वर्षी सर्व दात येऊन ते ‘जुळले’ म्हणतात. बकरी ईदेच्या खरेदीत दोन दातांची चौकशी होते ती वर्षाची अट पुरी झाल्याचा पुरावा म्हणून, आणि प्रदर्शनाचे वयोगटही बहुधा दातांवरूनच पडताळले जातात. जन्मतारीख मात्र आपल्या वहीत अचूक असावी.

दातांनंतर डोळे. खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढली असता आतला भाग लालसर गुलाबी दिसला पाहिजे; तो फिकट किंवा कागदासारखा पांढरा असेल तर पोटातील रक्तशोषक जंतांनी जनावर पोखरले आहे असे समजावे. दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यांनी या रंगाच्या पाच छटांचा एक तक्ताच तयार केला असून, ज्यांच्या पापण्या फिकट त्यांनाच जंताचे औषध द्यावे, असा त्याचा उपदेश आहे. कारण सरसकट सर्वांना वारंवार औषध पाजले की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागे उरतात. पुढे पाठ : कमरेच्या जागी कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोटे दाबून पाहावे. हाडांची टोके टोचू लागली तर जनावर उपाशी, टोके मुळीच लागेनाशी झाली तर चरबीने माजलेले. टोके लागावीत पण वर मांसाची भरीव गादी असावी, हे प्रदर्शनाचे माप. नर घेत असाल तर दोन्ही अंड समान, भरीव आणि खाली उतरलेले हवेत. मादी घेत असाल तर सड दोनच, सारखे आणि निर्दोष हवेत.

खुराकाच्या बाबतीत उत्साही मुलाचा उत्साहच घात करण्याचा संभव असतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत करडाला चीक मिळाला नाही तर त्याची उणीव पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नाही, म्हणून विकत घेतानाच याविषयी मालकास विचारावे. दूध सुटल्यावर हिरवा आणि वाळलेला पाला-चारा हाच पाया : शेवरी, सुबाभूळ, हादगा, मेथीघास, बाभळीच्या शेंगा आणि सोबतीला कडब्याची कुट्टी. शेळी ही झाडपाला खुडून खाणारी, मेंढी गवत चरणारी; म्हणून शेळीचा पाला उंचावर बांधावा, ती मान वर करून अधिक आवडीने खाते. आंबोणासाठी मक्याचा भरडा ४० भाग, भुईमुगाची पेंड २५, तूर किंवा हरभऱ्याची चुणी २०, गव्हाचा भुसा १२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ भाग असे शंभर भागांचे मिश्रण चांगले होते; पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर ती निःशंक फेकून द्यावी. आरंभ दिवसाला मूठभरापासून करून पंधरा-वीस दिवसांत शंभर ग्रॅमवर यावे आणि करडू वाढेल तसे पुढे अडीचशेपर्यंत न्यावे. प्रदर्शन जवळ आले म्हणून एकाएकी दाणा दुप्पट केल्यास पोटात आम्ल वाढून जनावर सुस्त पडते, किंवा आंत्रविषार होऊन संध्याकाळी धडधाकट असलेले करडू सकाळी मेलेले आढळते.

येथे दोन गोष्टी विशेष बजावून सांगणे मला अवश्य वाटते, कारण त्या माहीत नसल्याने मुलांची हौसेची जनावरे दगावतात. पहिली मूतखड्याची. खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनलिका अरुंद असते, आणि दाण्यातील स्फुरदाचे प्रमाण चुन्याच्या मानाने वाढले की तिच्यात खडे अडकून लघवी तुंबते. बोकड पाठ वाकवून कण्हतो, वारंवार जोर करतो, आणि एक-दोन दिवसांत मूत्राशय फुटण्याची वेळ येते. खुराकात चुना स्फुरदाच्या दुप्पट असावा, पाणी सदैव स्वच्छ आणि भरपूर असावे, मीठ वगळू नये, आणि खच्चीकरण अगदी कोवळ्या वयात करू नये. एवढ्याने हे संकट बहुतांशी टळते. दुसरी गोष्ट तांब्याची. मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाते आणि एके दिवशी विषासारखे भिनते. म्हणून गाई-म्हशींसाठी बनविलेले खनिज मिश्रण मेंढीस देऊ नये. शेळीची तांब्याची गरज मेंढीहून अधिक असल्याने, एकाच दावणीत दोघींना एकच मिश्रण घालणाऱ्याने हा भेद विसरू नये.

वजनाचा काटा घरोघरी नसतो, पण शिंप्याची फीत असते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत घ्यावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी इंचांत घ्यावी. घेराला घेराने आणि मग लांबीने गुणून ६६० ने भागले की किलोंत अदमासे वजन येते. घेर २४ आणि लांबी २३ भरली, तर २४ गुणिले २४ गुणिले २३ म्हणजे १३,२४८, आणि भागाकार जवळजवळ २० किलो. दर रविवारी, सकाळी चारा घालण्यापूर्वी, एकाच माणसाने हे माप घेऊन वहीत उतरवावे. उस्मानाबादी करडू चांगल्या खुराकावर दिवसाला ऐंशी ते शंभर ग्रॅम वाढू शकते. दोन रविवार वजन जागच्या जागी राहिले तर जंत, चारा आणि ताप या तिन्हींची चौकशी तत्काळ करावी. ही वही मी जनावराइतकीच महत्त्वाची मानतो, आणि मुलांच्या विभागात परीक्षकांनी रिंगणापूर्वी ती मागवून घ्यावी, तिला निम्मे गुण द्यावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. वहीच नसेल तर ते जनावर आठ दिवसांपूर्वी विकत आणलेले नाही कशावरून?

लसींच्या बाबतीत पुणेकर भाग्यवान, कारण कित्येक लसींचे उत्पादन औंधलाच होते; पण लस जवळ तयार होते म्हणून आपोआप टोचली जात नाही, त्यासाठी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मुदत लिहून घ्यावी लागते. पीपीआर या बुळकांडीसारख्या रोगाची लस तीन महिन्यांच्या वयानंतर एकदा दिली की सुमारे तीन वर्षे पुरते. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी आणि पहिल्या खेपेस पंधरवड्याने तिची दुसरी मात्रा अवश्य द्यावी. प्रदर्शनाच्या तोंडावर लस टोचणे टाळावे. सुईच्या जागी गाठ येते आणि जनावर दोन दिवस मलूल दिसते.

रिंगणाची तयारी दोन महिने आधी सुरू होते. गळ्यात मऊ पट्टा घालून रोज सायंकाळी थोडे चालविणे, मधेच थांबवून चारही पाय चौकोनात उभे करणे, अनोळखी माणसाकडून पाठ आणि दात तपासू देण्याची सवय लावणे, आणि लाउडस्पीकरचा कोलाहल सहन होईल अशा ठिकाणी अधूनमधून नेणे, या गोष्टींना पैसा लागत नाही, वेळ लागतो. खूर तीन आठवडे आधी तासावेत, म्हणजे चुकून रक्त आले तरी जखम भरते. शेळीला आदल्या दिवशी सकाळी उन्हात धुवावे. मेंढीच्या लोकरीला मात्र धुण्यापेक्षा झटकून, काटेकुसळे वेचून स्वच्छ करणे बरे, कारण लोकरीचा नैसर्गिक तेलकटपणा परीक्षक बोटांनी पाहतो. केसांना काळा रंग फासणे, शिंगे घासून बदलणे, वजनासाठी पाणी कोंबणे हे प्रकार मुलांनी करू नयेत आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्याकडून करवू नयेत. मेंढ्यांची टक्कर लावून जोर दाखविण्याची काही ठिकाणची हौस ही तर १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरलेली आहे.

रिंगणात मुलाने जनावर आणि परीक्षक यांच्या मध्ये येऊ नये, दोघांवरही नजर ठेवावी, आणि दोष विचारला तर तो लपवू नये. “माझ्या करडाचा मागचा भाग जरा उतरता आहे, पण आईला तिन्ही वेतांना जुळी झाली म्हणून मी निवडले,” असे सांगणारी मुलगी परीक्षकाला जे कळवून जाते, ते फितीने सजविलेली शिंगे कळवू शकत नाहीत. परीक्षकांनीही निकाल देताना पहिले जनावर दुसऱ्याहून सरस का, याची कारणे ध्वनिक्षेपकावरून सांगितली पाहिजेत. नुसता क्रमांक पुकारून इनाम वाटले तर रिंगणाभोवती जमलेल्या शंभर मुलांना त्यातून शिकण्यासारखे काहीच उरत नाही.

प्रदर्शनाहून परतलेले जनावर थेट कळपात सोडू नये. शेकडो ठिकाणची जनावरे एकत्र आलेली असतात, आणि पीपीआर किंवा देवी यांसारखा रोग बरोबर आला असल्यास तो प्रकट होण्यास काही दिवस जातात; म्हणून २१ दिवस त्याला वेगळे बांधावे, त्याची पाण्याची बादली निराळी ठेवावी, आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करून हात धुवावेत. नंतर खच्ची बोकड विकावयाचा असतो, आणि ज्या मुलाने त्याला वाढविले त्याच्या डोळ्यांत तेव्हा पाणी येते. ते वडीलधाऱ्यांनी हसण्यावारी नेऊ नये, आणि विक्रीचा पैसा, खुराकाचा खर्च वजा करून, त्याच्याच नावे पोस्टात जमा करावा. मादी असेल तर मात्र ती ठेवावी. दहा-बारा महिन्यांची होऊन बावीस किलोंच्या पुढे गेली की तिला जातिवंत नर दाखवावा. पाच महिन्यांनी ती विईल, आणि तिच्या करडांच्या नावे वहीत जी नवी पाने उघडली जातील त्यांच्या आधीच्या पानांवर आईचे जन्मवजन, दर रविवारची वाढ, लसींच्या तारखा आणि रिंगणात परीक्षकाने सांगितलेला दोष हे सारे आधीच लिहिलेले असेल, म्हणजे पुढच्या खेपेस कोणते करडू ठेवावे याचा निर्णय करण्यासाठी त्या मुलाला बाजारात जावे लागणार नाही.